आधी पिन बघा, मग गन घ्या! घरकामासाठी स्टेपल गन निवडताना...

श्रावण सरत आला की घराघरांत दोन कामं एकदम अंगावर येतात. एक गणपतीची आरास आणि दुसरं म्हणजे वर्षभर 'पुढच्या रविवारी बघू' म्हणत ढकललेली डागडुजी. डायनिंगच्या खुर्चीचं रेक्झिन फाटून आतला फोम दिसतोय, खिडकीची डासांची जाळी एका कोपऱ्यातून सुटलीय, सोफ्याच्या तळाचं काळं कापड लोंबतंय. पाहुणे यायच्या आत हे सगळं उरकायचं असतं आणि नेमका तेव्हाच कुशनवाला 'सणानंतर या' म्हणतो. मग मोबाईलवर शोधाशोध होते, स्वस्तातली एखादी स्टेपल गन मागवली जाते आणि चौथ्या-पाचव्या पिनेलाच ती अडकून बसते.

बेळगाव असो, म्हापसा असो, इंदूर-बडोदा असो की हैदराबाद, ही तक्रार सगळीकडे सारखीच. पण दरवेळी दोष गनचाच असतो असं नाही. बऱ्याचदा गन ठीक असते, तिच्यात घातलेली पिन दुसऱ्याच मापाची असते. किंवा पिन बरोबर असते, पण समोरचं लाकूड जुनं सागवान असतं. म्हणून खरेदीचा क्रम उलटा लावायला हवा. आधी काम कोणतं ते ठरवायचं, मग लाकूड बघायचं, त्यावरून पिन ठरवायची आणि गन सगळ्यांत शेवटी.

स्टेपल गन चालते कशी?

कागदाच्या स्टेपलरमध्ये पिन आरपार जाते आणि खालच्या पट्टीवर आपटून तिचे पाय आत वळतात. स्टेपल गनला ती खालची पट्टी नसते. पिनेचे दोन्ही पाय सरळ लाकडात घुसतात आणि लाकडाच्या पकडीवरच टिकून राहतात. दुकानात याच हत्याराला कुणी टॅकर म्हणतं, कुणी गन टॅकर, कुणी नुसती पिन गन.

हातानं चालवायच्या गनमध्ये दांडा दाबला की आतली जाड स्प्रिंग आवळत जाते. दांडा शेवटाला पोचला की स्प्रिंग एकदम सुटते आणि तिच्या जोरावर एक पोलादी पट्टी खाली येऊन पहिल्या पिनेला ठोसा देते. म्हणजे ठोशाचा जोर स्प्रिंगचा असतो, हाताचा नव्हे. दांडा कितीही रागानं दाबला तरी पिन जास्त आत जात नाही. हाताचा जोर लागतो तो दुसऱ्या जागी, म्हणजे गनचं तोंड लाकडावर घट्ट टेकवून धरायला. ठोसा बसताना गन मागे उसळते. तोंड केसभर जरी उचललं गेलं तरी पिन अर्धी बाहेर राहते. 'गनला दमच नाही' अशी जी तक्रार असते, तिच्यामागे बऱ्याच वेळा हे उसळणंच असतं.

पिनेचा नंबर हीच खरी भाषा

हार्डवेअरच्या दुकानात गेल्यावर गिऱ्हाईक म्हणतं, 'स्टेपल गनच्या पिना द्या.' दुकानदार विचारतो, 'कुठला नंबर पाहिजे ओ?' इथंच गाडी अडते. सगळ्या पिना वरवर सारख्याच दिसतात, पण त्यांच्यात तीन मापांचा फरक असतो. माथ्याची रुंदी, तारेची जाडी आणि पायाची लांबी. पहिली दोन मापं गनशी जुळावी लागतात, तिसरं माप कामाशी.

बाजारात जास्त दिसणारे नंबर असे:

53 नंबर : माथा 11.4 मि.मी., तार बारीक, साधारण 0.74 मि.मी. कापड, जाळी, रेक्झिन, सोफ्याच्या तळाचं कापड अशा हलक्या कामांना ही पिन चांगली. तार बारीक असल्यामुळे कमी जोरात आत जाते.

13 नंबर : हीसुद्धा बारीक तारेचीच, पण माथा 10.6 मि.मी. म्हणजे 53 पेक्षा एक मिलिमीटरही कमी नाही. डोळ्यांना हा फरक कळत नाही, गनला मात्र लगेच कळतो.

140 नंबर : माथा 10.6 मि.मी.च, पण तार चपटी आणि रुंद. पकड जास्त, ठोसाही जोरदार लागतो. प्लायवर जाड कापड, कार्पेट, बाहेरची ताडपत्री अशा कामांना ही उपयोगी. अमेरिकन पद्धतीची टी50 पिन हिच्या बरीच जवळची आहे.

80 नंबर : माथा पावणेतेरा मि.मी.च्या आसपास. सोफा कारागीर हवेच्या गनमध्ये वापरतात ती बहुधा हीच. खोक्यावर '8010' असेल तर 80 नंबरची, 10 मि.मी. पायाची पिन असं समजायचं. '8016' असेल तर पाय 16 मि.मी.चा.

ऑफिसच्या स्टेपलरची 24/6 किंवा 10 नंबरची पिन यांतल्या कशातच चालत नाही. ती कागदासाठी केलेली असते, लाकडावर आपटली की वाकते.

चुकीच्या मापाची पिन कधीकधी गनमध्ये बसतेसुद्धा. तेच जास्त वाईट. माथा अरुंद असला की पिन कप्प्यात हलते, तिरकी होते आणि ठोसा बसला की तोंडात अडकते. तार बारीक असली की एका पिनेमागे दुसरी घुसते. दोन-चार वेळा असं झालं की ठोसा देणाऱ्या पट्टीचं टोक बिघडतं आणि नंतर बरोबर पिन घातली तरी गन नीट चालत नाही.

राज्याच्या सीमेपलीकडे राहणाऱ्यांना या नंबरचा आणखी एक फायदा आहे. बेळगावात दुकानदार कन्नडमध्ये बोलेल, मडगावात कोंकणीत, इंदूर-ग्वाल्हेरला हिंदीत, बडोद्याला गुजरातीत आणि हैदराबादला तेलुगू किंवा दख्खनीत. हत्याराचं नाव गावागणिक बदलतं. खोक्यावरचा आकडा मात्र बदलत नाही. '53 नंबर, 8 एमएम' एवढं सांगितलं की कुठल्याही भाषेतला दुकानदार बरोबर खोकं काढून देतो. नंबर आठवत नसेल तर जुनी पिन काडेपेटीत घालून न्यावी. ती दाखवली की पुढचं बोलणं सोपं होतं.

लांब पिन म्हणजे पक्की पिन नव्हे

पायाची लांबी ठरवायला एक साधा हिशोब पुरतो. जे लावायचं आहे त्याची दाबलेली जाडी, अधिक लाकडात जायला निदान 6 मि.मी. खुर्चीचं रेक्झिन दुमडून दुहेरी केलं तर साधारण 2 मि.मी. होतं. म्हणजे 8 मि.मी.ची पिन पुरे. नुसतं पातळ कापड किंवा जाळी असेल तर 6 मि.मी.सुद्धा चालते. लाकूड मऊ असेल तर थोडी लांब घ्यावी, कारण मऊ लाकडाची पकड कमी असते.

याच्या उलट, सागवान किंवा शिसवीसारख्या कठीण लाकडाला लांब पिन घालायला गेलं तर पाय निम्म्यात वाकतात आणि माथा वर तरंगत राहतो. अशा लाकडाला 6 मि.मी.ची आखूड पिनच बरी. तीही पूर्ण बसली नाही तर वरून हातोडीनं हलकी ठोकावी.

प्लायची जाडीही आधी मोजलेली बरी. 6 मि.मी.च्या पातळ प्लायला 10 मि.मी.ची पिन मारली तर टोकं पलीकडून बाहेर येतात. खुर्चीच्या बैठकीत ती टोकं फोमच्या बाजूला असतात आणि पहिला बसणारा ओरडतो. 12 मि.मी.च्या प्लायला हा धोका नाही.

पिन मारायची दिशाही महत्त्वाची. लाकडाचे धागे ज्या दिशेनं धावतात त्याच रेषेत पिन मारली तर दोन्ही पाय एकाच धाग्यात शिरतात आणि पातळ पट्टी तडकते. पिन थोडी तिरकी मारली की पाय वेगवेगळ्या धाग्यांत जातात आणि पकड वाढते.

चार प्रकार, चार स्वभाव

हातानं दाबायची गन : घरातल्या बहुतेक कामांना हीच पुरते. वीज नको, बॅटरी नको, पावसात लाईट गेली तरी काम थांबत नाही. यातही दोन जाती आहेत. जुन्या पद्धतीच्या गनमध्ये दांडा मागच्या टोकाकडून दाबला जातो. त्यामुळे हाताचा भार मागे जातो आणि तोंड उचललं जातं. नव्या घडणीच्या काही गनमध्ये दाब पुढे, तोंडाच्या वरच येतो. उसळणं कमी होतं आणि पिन सपाट बसते. हात लहान असेल, मनगट दुखत असेल किंवा वय झालं असेल तर ही दुसरी जात नक्की बघावी.

हातोडी टॅकर : हातोडीसारखा उचलून आपटायचा. मोठ्या सपाट जागेवर ताडपत्री किंवा कार्पेटखालचा थर भराभर लावायला चांगला. नेम मात्र अंदाजानंच लागतो. खुर्चीच्या कडेला किंवा नाजूक कापडाला हा कामाचा नाही.

विजेची किंवा बॅटरीची गन : बोटानं कळ दाबली की पिन बसते. शंभरातली शंभरावी पिनही पहिलीसारखीच. काम मोठं असेल किंवा हातात जोर नसेल तर पैसे वसूल होतात. पण वजन जास्त, बारीक कोपऱ्यात तोंड शिरत नाही आणि सतत चालवली तर तापते, मधे विसावा द्यावा लागतो. वायरची गन ओल्या मांडवात किंवा पावसात वापरायची नाही. बॅटरीची घेतली तर ती बॅटरी आणि चार्जर पुढे सुटे मिळतात का, हे आधी विचारावं.

हवेची गन : कारागिरांची खरी सोबतीण. कॉम्प्रेसरवर चालते, 80 नंबरच्या पिना पटापट मारते आणि सागवानाच्या सांगाड्यालाही दाद देत नाही. गन एकटी फार महाग नसते, पण कॉम्प्रेसर, पाइप, आवाज आणि जागा हे सगळं धरलं तर वर्षातून दोनदा काम निघणाऱ्या घराला ते परवडत नाही. अख्खा सागवानी सोफा करायचा असेल तर कारागिराला बोलावणंच स्वस्त पडतं.

खोक्यावर 'थ्री-इन-वन' किंवा 'फोर-इन-वन' लिहिलेल्या गनही आता सर्रास मिळतात. साधी पिन, गोल माथ्याची पिन आणि छोटे खिळे अशा तिन्ही गोष्टी त्यांत चालतात. सोय आहे, पण खिळ्यांसाठी म्हणून घेऊ नये. हातगनची स्प्रिंग खिळा मऊ लाकडात घालू शकते, कठीण लाकडात तो वाकतो. ज्या एका कामासाठी गन हवी आहे, ते काम ती नीट करते का, एवढंच बघावं.

सहा खुर्च्यांचा हिशोब

कोणती गन घ्यायची हे पिनांचा हिशोब केला की आपोआप कळतं. समजा, शहापुरातल्या एका घरात सहा डायनिंग खुर्च्यांचं रेक्झिन बदलायचं आहे. बैठक 18 बाय 18 इंच. चारी बाजू मिळून 72 इंच. दर इंचाला एक पिन धरली तर 72 पिना. चार कोपऱ्यांच्या चुण्या दाबायला प्रत्येकी चार-पाच जास्तीच्या, म्हणजे आणखी वीसेक. खालून काळं कापड लावायचं तर दर दोन इंचाला एक, म्हणजे 36. एका खुर्चीला झाल्या साधारण 130. सहा खुर्च्यांना 780. अडकलेल्या, वाकलेल्या, काढून परत मारलेल्या धरल्या तर हजार पिनांचं एक खोकं लागतं.

म्हणजे दांडा जवळजवळ आठशे वेळा दाबायचा. चांगल्या हातगनवर दोन दिवसांत, रोज तीन खुर्च्या अशा बेतानं हे जमतं. जड दांड्याच्या स्वस्त गनवर दुसऱ्याच खुर्चीला तळहात सुजतो. दरवर्षी असं काम निघत असेल तर विजेच्या गनचा विचार करावा.

खिडकीच्या जाळीचा हिशोब याहून हलका. 3 बाय 4 फुटांच्या लाकडी चौकटीचा घेर 14 फूट, म्हणजे 168 इंच. दर दोन इंचाला पिन धरली तर 84 पिना पुरतात. तेवढ्यासाठी साधी हातगन आणि 53 नंबरच्या 6 किंवा 8 मि.मी.च्या पिना पुष्कळ झाल्या. खिडकी ॲल्युमिनियमची किंवा यूपीव्हीसीची असेल तर मात्र गन आणूच नये. त्यावर पिन बसत नाही. तिथं चिकटपट्टीची वेल्क्रो जाळी लावावी.

दुकानात काय तपासावं?

दुकानात जाताना घरच्या लाकडाचा किंवा प्लायचा एक तुकडा पिशवीत घालून न्यावा. दुकानदाराला विचारून त्यावर दहा पिना मारून बघाव्यात. या गोष्टी लगेच कळतात:

1. दहापैकी नऊ-दहा पिनांचा माथा लाकडाला सपाट टेकतो का?
2. दोन्ही पाय सारखे आत जातात का, की एक बाजू वर राहते?
3. जोर कमी-जास्त करायचा स्क्रू किंवा चाक आहे का? पातळ कापडावर जास्त जोर बसला तर पिनेचा माथाच कापड कापतो.
4. एका हातात दांडा पूर्ण दाबता येतो का? घरात ज्या माणसाला काम करायचं आहे, त्यानंच हातात घेऊन बघावी.
5. अडकलेली पिन काढायला तोंड उघडतं का, की पूर्ण गन खोलावी लागते?
6. ठेवून देताना दांडा बंद करायची कडी आहे का?
7. गनवर कोणत्या पिना चालतात त्याचे नंबर आणि पायाची मर्यादा, उदाहरणार्थ '4 ते 8' किंवा '6 ते 14 मि.मी.', स्पष्ट छापली आहे का?
8. त्याच नंबरच्या पिना त्याच गावात मिळतात का?

आठवा प्रश्न सगळ्यांत मोठा. गन एकदाच घ्यायची असते, पिना कायम लागतात. नावाजलेली गन घेतली आणि तिच्या पिना फक्त ऑनलाइनच मिळत असतील तर गणपतीच्या आदल्या रात्री ती नुसता लोखंडाचा तुकडा ठरते. दोन गनमध्ये मन अडकलं असेल तर जिच्या पिना कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात ती घ्यावी.

बॉडी पोलादी की प्लास्टिकची, यावरून लगेच मत करू नये. तोंड, ठोसा देणारी पट्टी आणि पिनांचा कप्पा हे पोलादी हवेत. मूठ प्लास्टिकची असली तरी हरकत नाही.

किनाऱ्यावरचा गंज

खानापूर-चंदगडकडचा पाऊस आणि गोव्याची खारी हवा या दोन्हींत साधी पिन लवकर गंजते. नुसती पिनच जात नाही, तर पांढऱ्या कापडावर तिच्याभोवती तांबूस डाग पडतो आणि तो निघत नाही. घराच्या आत, कोरड्या जागेत जस्ताचा मुलामा दिलेली साधी पिन पुरते. खिडकीची जाळी, गॅलरीतलं कापड, अंगणातल्या खुर्च्या यांना, आणि किनाऱ्याजवळ तर हमखास, स्टेनलेस स्टीलच्या पिना घ्याव्यात. दर जास्त असतो, पण तेच काम पुढच्या वर्षी परत करण्यापेक्षा बरा.

गनलाही गंज चढतो. पावसाळ्यात ठेवून देताना पिना काढून घ्याव्यात, तोंडाजवळ शिलाई मशीनच्या तेलाचा एखादा थेंब सोडावा आणि कोरड्या कापडात गुंडाळून ठेवावी. परत वापरताना आधी रद्दी लाकडावर चार पिना मारून तेल पुसलं जाऊ द्यावं, नाहीतर डाग कापडावर येतो.

इथं गन लावूच नये

सणाच्या घाईत सगळ्यांत मोठी चूक होते ती रोषणाईच्या माळांची. मखराच्या कडेनं माळ फिरवायची आणि तिच्या वायरवर ठकाठक पिना मारत जायचं. चपट्या माथ्याची पिन वायरचं प्लास्टिक कापते. आतली तार पिनेला टेकली की शॉक लागू शकतो. दोन तारा एकमेकींना भिडल्या तर ठिणगी उडते, आणि आजूबाजूला असतं कापड, कागद आणि सुकी पानं. घरातल्या विजेच्या वायरिंगवर आणि रोषणाईच्या माळांवर स्टेपल गन चालवायची नाही, हा नियमच करून टाकावा. गोल माथ्याच्या पिना मिळतात, त्या टेलिफोन किंवा केबलच्या बारीक वायरसाठी असतात. विजेच्या माळा दोऱ्यानं किंवा प्लास्टिकच्या टायनं बांधाव्यात. वायरीच्या शेजारी कापड लावायचं असेल तर आधी स्विच बंद करून प्लग काढावा.

थर्माकोलमध्ये पिन टिकत नाही, पुठ्ठ्यात थोडा वेळ टिकते. सिमेंटच्या भिंतीवर आणि लोखंडावर मारली तर पिन उलटी उडते. गोव्यात गणपतीवर बांधतात त्या माटोळीसारखं जड काहीही पिनांवर टांगू नये. फळांचं वजन दोऱ्यानं आणि गाठीनंच पेलायला हवं. पिन कापड धरून ठेवते, ओझं नाही.

बोट आणि डोळा सांभाळा

स्टेपल गन खेळण्यासारखी दिसते, पण हवेत मारलेली पिनही डोळ्यात जाऊ शकते. काम करताना साधा चष्मा किंवा गॉगल घालावा. कापड ताणून धरणारा हात तोंडापासून चार बोटं लांब असावा आणि पातळ प्लायच्या मागे तर हात नकोच. पिन अडकली तर आधी बॅटरी किंवा प्लग काढायचा, हवेच्या गनचा पाइप सोडायचा, हातगनचा दांडा मोकळा करायचा आणि मगच नोज प्लायरनं पिन ओढायची. तोंडात डोकावून बघत कळ दाबू नये. काम संपलं की कडी लावून गन मुलांच्या हाताला लागणार नाही अशी वर ठेवावी.

पिन बोटात शिरलीच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवावी आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं का ते डॉक्टरांना विचारावं. पिन सांध्यात किंवा हाडापर्यंत गेली असेल, किंवा डोळ्याला लागली असेल, तर घरी ओढून काढायचा खटाटोप करू नये.

आणखी एक गोष्ट नेहमी विसरली जाते. मांडव, मखर उतरवताना पिना जमिनीवर पडतात. तिथं लोक अनवाणी दर्शनाला आलेले असतात, लहान मुलं खेळत असतात, बाहेर गुरं फिरतात. जुन्या स्पीकरमधलं चुंबक दोरीला बांधून जमिनीवरून फिरवलं तर पाच मिनिटांत मूठभर पिना गोळा होतात. स्टीलच्या काही पिना मात्र चुंबकाला लागत नाहीत. त्या झाडून, डोळ्यांनीच वेचाव्या लागतात.

परराज्यातून मागवताना

सीमाभागात बऱ्याचदा गन ऑनलाइन येते आणि विकणारा दुसऱ्याच राज्यातला असतो. 'आता तक्रार करायला तिकडे कोण जाणार?' म्हणून माणसं गप्प बसतात. तसं बसायचं कारण नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथं राहतो किंवा काम करतो, तिथल्याच जिल्हा आयोगाकडे तक्रार देता येते. विकणारा कुठला आहे यानं फरक पडत नाही. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्कही नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर फोन करून बघता येतो.

मात्र त्यासाठी कागद हातात हवेत. बिल जपून ठेवावं. खोकं उघडताना मोबाईलवर व्हिडिओ काढावा. आयात केलेल्या वस्तूच्या खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, मूळ देश आणि कमाल किंमत छापलेली असायला हवी. ती नसेल तर वस्तू ठेवून घेण्याआधी विचार करावा. आणि मागवण्याआधी वर्णनात पिनेचा नंबर शोधावा. 'हेवी ड्यूटी', 'प्रोफेशनल' असे शब्द भरपूर आणि पिनेचा नंबर कुठंच नाही, अशी गन टाळलेली बरी.

शेवटचं एक काम

गन घरी आली की पहिल्याच दिवशी तिच्या मुठीवर मार्करनं पिनेचा नंबर आणि पायाची मर्यादा लिहून ठेवावी. खोकं हरवतं, बिल फिकं होतं, घेणारा माणूस नोकरीसाठी पुण्याला जातो. मागे राहिलेल्या आईला किंवा आजोबांना पुढच्या श्रावणात जाळी लावायची असेल तेव्हा त्यांनी दुकानात जाऊन फक्त तो आकडा वाचून दाखवायचा. बाकीचं दुकानदार बघून घेतो.